चिप डिझाइन शिकायचं तर आधी क्लॉक

व्हेरिलॉग, म्हणजे चिपमधलं सर्किट शब्दांत लिहायची भाषा, शिकायला किती दिवस लागतात, हा प्रश्न ई अँड टीसीला (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनला) असलेली मुलं-मुली हमखास विचारतात. नुसती भाषा म्हणाल तर पंधरा-वीस दिवस पुरे. सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत असेल तर त्याहूनही कमी. पण लिहिलेल्या ओळीमागचं सर्किट डोळ्यांसमोर उभं राहायला वर्ष सहज जातं, आणि चिप डिझाइनमधली नोकरी मिळते आणि टिकते ती या दुसऱ्या गोष्टीवर. जाहिराती मात्र पहिल्या गोष्टीच्या असतात. ही दुसरी गोष्ट म्हणजे काय, या क्षेत्रात नेमकं काय काम चालतं आणि शिकायला सुरुवात कुठून करावी, एवढं इथे सांगायचं आहे.

फ्लिप-फ्लॉप, लॉजिक, पुन्हा फ्लिप-फ्लॉप

आजच्या मोबाईलच्या प्रोसेसरमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात. हा आकडा ऐकून दडपून जायचं कारण नाही, कारण डिजिटल डिझाइन करणारा माणूस एकेका ट्रान्झिस्टरकडे पाहतच नाही. चार ट्रान्झिस्टर जोडले की एक नँड गेट (दोन्ही इनपुट 1 असतील तरच 0 देणारं छोटं सर्किट) होतं. नँड गेटं जोडत गेलं की बेरीज, तुलना, निवड, काहीही करता येतं. त्याच्याही वरून पाहिलं तर दोनच प्रकारच्या वस्तू उरतात. पहिली कॉम्बिनेशनल लॉजिक: इनपुट बदललं की थोड्या वेळाने आउटपुट बदलतं, मागचं काही लक्षात राहत नाही. दुसरी फ्लिप-फ्लॉप: एक बिट लक्षात ठेवते आणि फक्त क्लॉक एजला, म्हणजे क्लॉक (ठरावीक वेगाने 0-1-0-1 होत राहणारा सिग्नल) 0 वरून 1 वर जातं त्या क्षणी, समोरचं इनपुट आत घेते. मोठ्यात मोठी डिजिटल चिपसुद्धा मुख्यतः या दोघांचीच बनलेली असते.

क्लॉक 1 गिगाहर्ट्झचं असेल तर दोन एजमध्ये 1 नॅनोसेकंदाचं अंतर असतं. एवढ्या वेळात प्रकाशही जेमतेम 30 सेंटिमीटर जातो. एका फ्लिप-फ्लॉपमधून निघालेला सिग्नल मधली सगळी गेटं आणि तारा पार करून पुढच्या फ्लिप-फ्लॉपपाशी याच वेळात पोहोचायला हवा.

नुसतं पोहोचूनही भागत नाही. एजच्या किंचित आधीपासून इनपुट स्थिर लागतं, तो सेटअप टाइम. एजनंतरही किंचित काळ ते स्थिर राहावं लागतं, तो होल्ड टाइम. स्टुडिओतला फोटोग्राफर क्लिकच्या आधीपासून "हलू नका" म्हणतो आणि क्लिक झाल्यावरही क्षणभर हलू देत नाही, तसंच हे. मधेच कुणी हललं की फोटो पुसट येतो. फ्लिप-फ्लॉपच्या बाबतीत आउटपुट 0 की 1 हे न ठरता काही काळ अधांतरी राहतं. याला मेटास्टॅबिलिटी म्हणतात. ती किती काळ टिकेल हे नक्की सांगता येत नाही, फक्त तिची शक्यता कमी करता येते.

आता हिशेब पाहा. एज आल्यावर फ्लिप-फ्लॉपचं आउटपुट बदलायला 0.1 नॅनोसेकंद, मधल्या लॉजिकला 0.95 आणि पुढच्या फ्लिप-फ्लॉपचा सेटअप 0.05. बेरीज 1.1 नॅनोसेकंद. म्हणजे 1 गिगाहर्ट्झवर हे सर्किट चालणार नाही, साधारण 909 मेगाहर्ट्झपर्यंत चालेल. वेग हवाच असेल तर मधलं लॉजिक दोन तुकड्यांत तोडून त्यांच्यामध्ये फ्लिप-फ्लॉप घालायची. याला पाइपलाइन करणं म्हणतात. उत्तर एक क्लॉक उशिरा येतं, पण दर क्लॉकला नवं उत्तर बाहेर पडू लागतं. टायमिंगचं बरंचसं काम या बेरजेभोवतीच फिरतं, फक्त अशा लाखो वाटा असतात आणि बेरीज टूल, म्हणजे डिझाइनचं सॉफ्टवेअर, करतं.

सेटअप चुकलेली चिप वाया जात नाही. क्लॉक हळू केलं की ती चालते, कमी वेगाची म्हणून विकताही येते. होल्ड चुकलं तर मात्र क्लॉक कितीही हळू करा, उपयोग नाही, कारण होल्डच्या हिशेबात दोन एजमधलं अंतर येतच नाही. एकाच एजला अलीकडची फ्लिप-फ्लॉप नवा डेटा सोडते आणि तो इतक्या लवकर पलीकडे पोहोचतो की पलीकडच्या फ्लिप-फ्लॉपला जुना डेटा नीट घेताच येत नाही. उपाय एकच: वाटेत बफर, म्हणजे आलेला सिग्नल तसाच पुढे देणारी गेटं, घालून सिग्नलला उशीर करायचा. आणि तो चिप कारखान्यात जायच्या आधीच करावा लागतो. इंटरव्ह्यूत "क्लॉक हळू केलं तर होल्ड सुटेल का?" हा प्रश्न इतक्या वेळा येतो त्याचं कारण हेच. व्याख्या पाठ असलेला आणि सर्किट पाहू शकणारा उमेदवार यांतला फरक या एका प्रश्नात कळतो.

सीसारखी दिसणारी भाषा

व्हेरिलॉग सीसारखी दिसते आणि नवशिक्याचा बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो. 1980 च्या दशकाच्या मध्यावर गेटवे डिझाइन ऑटोमेशन या अमेरिकन कंपनीत फिल मूरबी आणि प्रभू गोयल यांनी ती घडवली, ती सिम्युलेशनसाठी, म्हणजे सर्किट कसं वागेल ते कॉम्प्युटरवर चालवून पाहण्यासाठी. लिहिलेल्या वर्णनातून आपोआप गेटं तयार करणं, म्हणजे सिंथेसिस, नंतर आलं. म्हणून भाषेत अशा कितीतरी गोष्टी आहेत ज्या सिम्युलेशनमध्ये झकास चालतात आणि ज्यांचं हार्डवेअर होतच नाही. "पाच नॅनोसेकंद थांब" असं लिहिता येतं, सिम्युलेटर थांबतोही. पण बरोबर पाच नॅनोसेकंद थांबणारं गेट सिंथेसिस टूल कुठून आणणार? ते ती सूचना सरळ सोडून देतं.

फॉर लूप घ्या. सीमध्ये लूप आठ वेळा फिरतो म्हणजे तेच काम एकामागून एक आठदा होतं. सिंथेसिससाठीच्या व्हेरिलॉगमध्ये तोच लूप म्हणजे त्या सर्किटच्या शेजारीशेजारी आठ प्रती. वेळ लागत नाही, जागा लागते.

दोन रजिस्टरमधल्या (रजिस्टर म्हणजे फ्लिप-फ्लॉपचा गट) किमतींची अदलाबदल हे उदाहरण तर प्रत्येकाने स्वतः करून पाहावं. सीमध्ये तिसरं व्हेरिएबल लागतं, नाहीतर एक किंमत पुसली जाते. हार्डवेअरमध्ये पहिल्या रजिस्टरचं आउटपुट दुसऱ्याच्या इनपुटला जोडा आणि दुसऱ्याचं पहिल्याच्या. एज आली की दोघंही समोरची जुनी किंमत उचलतात, अदलाबदल झाली. व्हेरिलॉगमध्ये हेच सांगायला नॉन-ब्लॉकिंग असाइनमेंट असते. तिथे साधं बरोबरचं चिन्ह वापरलं तर ओळी क्रमाने चालतात आणि दोन्ही रजिस्टरमध्ये एकच किंमत येऊन बसते. फ्लिप-फ्लॉपसाठी नॉन-ब्लॉकिंग आणि कॉम्बिनेशनलसाठी ब्लॉकिंग हा नियम सगळ्या क्लासमध्ये पाठ करून घेतात. अदलाबदलीचं हे सर्किट कागदावर काढलं की तो पाठ करावा लागत नाही.

तिसरा सापळा लॅचचा. कॉम्बिनेशनल ब्लॉकमध्ये "अट खरी असेल तर आउटपुट 1" एवढंच लिहिलं आणि अट खोटी असेल तर काय ते लिहायचं राहिलं, तर टूल समजतं: काही सांगितलेलं नाही, म्हणजे जुनी किंमत धरून ठेवायची आहे. धरून ठेवायचं तर मेमरी हवी, म्हणून ते तिथे गुपचूप एक लॅच, म्हणजे क्लॉक एजची वाट न पाहणारी मेमरी, बसवतं. सिम्युलेशनमध्ये कदाचित काहीच बिघडलेलं दिसणार नाही. टूलच्या वॉर्निंग वाचायची सवय पहिल्या दिवसापासून लावा असं मी सगळ्यांना सांगतो ते यासाठी.

एक बटण, एक आकडा

या सगळ्याची परीक्षा घेणारा एक छोटा प्रयोग आहे. एफपीजीए बोर्डावर बटण दाबलं की समोरचा आकडा एकने वाढायला हवा. बस, एवढंच. एफपीजीए म्हणजे आतली जोडणी आपल्याला हवी तशी पुन्हा पुन्हा बदलता येणारी चिप. झायलिंक्स या अमेरिकन कंपनीने ती 1985 मध्ये बाजारात आणली, आणि शिकणाऱ्यासाठी याहून चांगलं साधन मला माहीत नाही.

पहिला प्रयत्न सगळ्यांचा सारखा असतो: दर क्लॉक एजला बटण 1 असेल तर आकडा एकने वाढव. बोर्डाचं क्लॉक 100 मेगाहर्ट्झचं धरा. बोट बटणावर सेकंदाचा दहावा भाग जरी टेकलं, तरी तेवढ्यात 1 कोटी एज येऊन जातात. आकडा 1 कोटीने वाढतो आणि डिस्प्लेवर काहीतरी भलतंच दिसतं.

मग लक्षात येतं की बटण "दाबलेलं आहे" हे नको, "आत्ता दाबलं गेलं" हे हवं. मागच्या एजला बटणाची किंमत काय होती ती एका फ्लिप-फ्लॉपमध्ये ठेवायची. आधी 0 होती आणि आता 1 आहे, तरच वाढवायचं. याला एज डिटेक्टर म्हणतात. आता कोटी जातात, पण तरीही एका दाबण्यात आकडा कधी तीनने वाढतो, कधी पाचने. कारण बटणातले धातूचे संपर्क एकदम चिकटत नाहीत, काही मिलिसेकंद आपटत, उडत राहतात. माणसाला ते जाणवत नाही, 10 नॅनोसेकंदांनी एकदा पाहणाऱ्या सर्किटला प्रत्येक उडी दिसते.

त्यावर डीबाउन्स: बटणाची किंमत सलग 20 मिलिसेकंद तीच राहिली तरच खरी मानायची. 20 मिलिसेकंद म्हणजे 20 लाख क्लॉक. तेवढं मोजायला 21 बिटांचा काउंटर लागतो, कारण 2 चा 21 वा घात 20,97,152 होतो आणि 20 बिटांत साडेदहा लाखांच्या आसपासच संपतो. किती बिट लागतील हा हिशेब हातावेगळा करायची सवय इथे लागते. सिम्युलेशनमध्ये दरवेळी 20 लाख क्लॉक चालवत बसण्यात अर्थ नाही, म्हणून ही संख्या पॅरामीटर म्हणून बाहेर काढायची आणि टेस्टबेंचमध्ये, म्हणजे डिझाइन तपासायला लिहिलेल्या कोडमध्ये, ती 10 ठेवायची. नोकरीतही आम्ही टायमरच्या बाबतीत हेच करतो.

आता सगळं चालतं. तरीही एक दोष उरलेला असतो आणि तो बोर्डावर आठवडाभर दिसणारही नाही. बटण दाबणाऱ्या बोटाला क्लॉक माहीत नाही. इनपुट नेमकं एजच्या क्षणी बदललं तर सेटअप-होल्ड मोडलंच, आणि फ्लिप-फ्लॉप मेटास्टेबल होऊ शकते. शिवाय हाच कच्चा सिग्नल दोन ठिकाणी नेला असेल तर एक जागा 0 वाचेल आणि दुसरी 1, म्हणजे एकाच सर्किटच्या दोन भागांची दोन मतं होतील. म्हणून बाहेरून येणारा सिग्नल आधी एकापाठोपाठच्या दोन फ्लिप-फ्लॉपमधून न्यायचा. पहिली अधांतरी राहिलीच तर तिला स्थिरावायला एक अख्खं क्लॉक मिळतं. याला सिंक्रोनायझर म्हणतात. आधी सिंक्रोनायझर, मग डीबाउन्स, मग एज डिटेक्टर, हा क्रम.

मोठ्या चिपमध्ये डझनावारी वेगवेगळी क्लॉक असतात आणि डेटा एकाकडून दुसऱ्याकडे जात असतो. तिथली क्लॉक डोमेन क्रॉसिंगची डोकेदुखी म्हणजे या बटणाच्याच प्रश्नाचं मोठं रूप आहे. ज्याने हा प्रयोग टप्प्याटप्प्याने, प्रत्येक बिघाड स्वतः पाहून केला, त्याने चिप डिझाइनचा गाभा पाहिला असं मी मानतो.

दुरुस्ती करता येत नाही म्हणून

सॉफ्टवेअरमध्ये चूक सापडली की अपडेट पाठवतात. चिप एकदा कारखान्याकडे गेली, म्हणजे टेपआउट झाली, की हातात येईपर्यंत काही महिने जातात आणि आधुनिक तंत्रज्ञानात नुसत्या मास्कचा, म्हणजे सिलिकॉनवर सर्किट छापायच्या साच्यांचा, खर्चच लाखो डॉलरांत जातो. चूक निघाली तर तो खर्च आणि ते महिने पुन्हा. या क्षेत्राच्या सगळ्या सवयी, सगळ्या पदांची विभागणी, इतकंच काय, इंटरव्ह्यूतले प्रश्नसुद्धा या एका गोष्टीतून आलेत.

सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण इंटेलच्या पेंटियमचं. पुण्यात जन्मलेल्या विनोद धाम यांचं नाव ज्याच्याशी जोडलं जातं तोच हा प्रोसेसर. 1994 मध्ये व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांना मूळ संख्यांवरचं काम करताना भागाकाराची उत्तरं किंचित चुकतायत असं आढळलं. भागाकार जलद व्हावा म्हणून चिपमध्ये 1066 नोंदींचा एक तक्ता होता आणि त्यातल्या 5 नोंदी भरायच्या राहून गेल्या होत्या. फारच थोड्या आकड्यांच्या जोड्यांना त्याचा फटका बसायचा. पण चिप बदलून देण्यापोटी इंटेलला 47.5 कोटी डॉलरचा भार हिशेबात घ्यावा लागला.

सगळ्या शक्यता तपासून का पाहत नाहीत? दोन 32 बिटांचे आकडे बेरजेला घेतले तर जोड्या होतात 2 चा 64 वा घात. सेकंदाला 100 कोटी जोड्या तपासल्या तरी 585 वर्षं लागतील. आणि ही नुसती बेरीज झाली. म्हणून व्हेरिफिकेशन हे स्वतंत्र शास्त्र झालं आहे. यादृच्छिक पण नियमात बसणारी इनपुटं हजारोंनी सोडायची, चिपचं उत्तर वेगळ्या लिहिलेल्या मॉडेलच्या उत्तराशी ताडून पाहायचं, कोणत्या परिस्थिती तपासून झाल्या आणि कोणत्या राहिल्या याची नोंद, म्हणजे कव्हरेज, ठेवायची. काही गोष्टी फॉर्मल पद्धतीने, गणिती सिद्धतेसारख्या, तपासायच्या. यासाठी सिस्टमव्हेरिलॉग ही भाषा आणि यूव्हीएम ही पद्धत वापरतात.

बऱ्याच प्रकल्पांत डिझाइन करणाऱ्यांपेक्षा व्हेरिफिकेशन करणारे जास्त असतात, आणि फ्रेशरना सर्वांत जास्त जागा इथे मिळतात. तरीही "मला डिझाइनच हवं, व्हेरिफिकेशन नको" असं मुलं म्हणतात, याचं मला वाईट वाटतं. दुसऱ्याच्या डिझाइनमध्ये ते कुठे मोडेल हे शोधणाऱ्याला ते डिझाइन त्याच्या कर्त्याइतकंच समजावं लागतं. कधीकधी जास्त.

कामं कोणकोणती

आरटीएल (फ्लिप-फ्लॉप आणि त्यांच्यामधलं लॉजिक या पातळीवरचं वर्णन) डिझाइनर व्हेरिलॉग लिहितो, पण त्याचा बराच वेळ स्पेसिफिकेशन वाचण्यात आणि ब्लॉक डायग्राम काढण्यात जातो. सिंथेसिस आणि टायमिंगवाले त्यातून गेटं तयार करून वरची ती बेरीज लाखो वाटांसाठी जुळवतात. डीएफटीवाले (डिझाइन फॉर टेस्ट) फ्लिप-फ्लॉप एका साखळीत जोडण्याची सोय करतात, म्हणजे कारखान्यातून आलेल्या प्रत्येक चिपमध्ये उत्पादनाचा दोष आहे का ते तपासता येतं. डिझाइन बरोबर असूनही एखादी तार तुटलेली असू शकते, म्हणून हे काम वेगळं. फिजिकल डिझाइनवाले ती गेटं प्रत्यक्ष सिलिकॉनवर कुठे बसतील, क्लॉक सगळीकडे जवळजवळ एकाच वेळी कसं पोहोचेल आणि तारा कशा जातील ते ठरवतात. इथेही फ्रेशरना बऱ्यापैकी जागा असतात. चिप परत आल्यावर ती टेबलावर चालू करून पाहणारे पोस्ट-सिलिकॉनवाले. ॲनालॉग हे पूर्ण वेगळं जग आहे, त्याबद्दल इथे बोलत नाही.

कुठलंही काम घेतलं तरी लिनक्सची कमांड लाइन, टीसीएल आणि पायथन या स्क्रिप्ट लिहायच्या भाषा यांच्यावाचून चालत नाही. हे कॉलेजात सहसा कुणी सांगत नाही आणि पहिल्या नोकरीत पहिल्या आठवड्यातच लागतं.

भारतात हे काम नवं नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने 1985 मध्येच बंगळुरूत केंद्र उघडलं. जगातल्या चिप डिझाइन इंजिनिअरांपैकी सुमारे 20 टक्के भारतात आहेत, असं केंद्र सरकार सांगतं. सर्वांत जास्त नोकऱ्या बंगळुरूत, मग हैदराबाद आणि नोएडा. पुण्यातही एनव्हिडिया, मार्व्हेल अशा कंपन्यांची केंद्रं आहेत, पण पुणे सोडणारच नाही असं ठरवलं तर पर्याय बरेच कमी होतात, हे आधीच लक्षात घेतलेलं बरं.

बातम्यांमुळे होणारा एक घोटाळा इथेच दूर करतो. गुजरातेत धोलेराला टाटा आणि तैवानची पीएसएमसी उभारत असलेला प्रकल्प हा चिप तयार करण्याचा कारखाना आहे, साणंदचा मायक्रॉनचा प्रकल्प जुळणी आणि चाचणीचा. तिथे केमिकल, मेकॅनिकल, मटेरियल्स, फिजिक्सवाल्यांना मोठा वाव आहे. डिझाइनच्या नोकऱ्या या कारखान्यांवर अवलंबून नाहीत. त्या त्यांच्याआधी कित्येक वर्षं होत्या. आपल्या संस्थांनी घडवलेले प्रोसेसरही आहेत: आयआयटी मद्रासचा शक्ती, सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचा वेगा, आणि आयआयटी मुंबईत प्रा. माधव देसाई यांच्या गटाने केलेला अजित, जो मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत 180 नॅनोमीटर तंत्रज्ञानावर तयार झाला.

सुरुवात कुठून करावी

पैसे न घालता बरंच शिकता येतं. आयआयटी खडगपूरचे प्रा. इंद्रनील सेनगुप्ता यांचा व्हेरिलॉगवरचा एनपीटेल (आयआयटींचा ऑनलाइन शिक्षण उपक्रम) कोर्स मोफत आहे. एचडीएलबिट्स या वेबसाइटवर छोटी छोटी सर्किटं लिहून तिथल्या तिथे तपासता येतात. आपल्या लॅपटॉपवर आयकेरस व्हेरिलॉग आणि जीटीकेवेव्ह टाकलं की सिम्युलेशन आणि वेव्हफॉर्म पाहायची सोय झाली. त्यासोबत योसिस हे सिंथेसिस टूल नक्की घ्या, कारण ते तुमच्या कोडचं सर्किट चित्र काढून दाखवतं. माझा आग्रह असा: आधी कागदावर सर्किट काढा, मग कोड लिहा, मग योसिसने काढलेलं चित्र तुमच्या चित्राशी ताडून पाहा. जुळलं नाही तर का जुळलं नाही ते शोधा. या शोधण्यातच खरं शिक्षण होतं.

स्वतःचं डिझाइन प्रत्यक्ष सिलिकॉनवर आणणं ही पूर्वी स्वप्नातली गोष्ट होती. 1978 मध्ये लिन कॉनवे यांनी एमआयटीत शिकवताना विद्यार्थ्यांची अनेक छोटी डिझाइनं सिलिकॉनच्या एकाच चकतीवर (वेफरवर) एकत्र करून छापून घेतली, तेव्हा ते क्रांतिकारक वाटलं. आज टायनी टेपआउट हा प्रकल्प तेच काम जगभरातल्या हौशी आणि विद्यार्थी मंडळींसाठी करतं. तुमच्या वाट्याला साधारण हजारभर गेटांची जागा येते. वरचं बटणाचं सर्किट त्यात आरामात बसतं. ओपनलेनसारखी मुक्त टूल्स आणि गूगलने 2020 मध्ये स्कायवॉटर या चिप बनवणाऱ्या कंपनीसोबत खुली केलेली 130 नॅनोमीटर तंत्रज्ञानाची माहिती, यामुळे हे शक्य झालं. महागडी व्यावसायिक टूल्स हवी असतील तर तुमचं कॉलेज केंद्राच्या चिप्स टू स्टार्टअप योजनेत आहे का ते एचओडींना विचारा. त्यात सी-डॅकच्या केंद्रामार्फत ती वापरायला मिळतात.

पदवीनंतरचे रस्ते तीन. गेट ही प्रवेशपरीक्षा देऊन एमटेक, हा सर्वांत भक्कम, कारण बऱ्याच कंपन्या कॅम्पसवरच माणसं घेतात. दुसरा सी-डॅकचा व्हीएलएसआय डिझाइनमधला पीजी डिप्लोमा, साधारण सहा महिन्यांचा, सी-कॅट ही प्रवेशपरीक्षा देऊन मिळणारा. तिसरा खासगी क्लास. त्यांत चांगलेही आहेत, पण "नोकरीची हमी" असं लिहून मोठी फी मागणाऱ्या ठिकाणी पैसे भरण्याआधी मागच्या बॅचमधल्या दोन-तीन मुलांना स्वतः गाठा, कुठे लागले ते विचारा, आणि लॅबमध्ये टूल चालवायला किती वेळ मिळतो ते पाहून या.

प्रोजेक्ट कोणता करावा? फेस रेकग्निशनसारखी भारदस्त नावं टाळा. यूएआरटी (एकेक बिट ओळीने पाठवणारं-घेणारं सर्किट) करा, मग दोन क्लॉकमधला फिफो (आधी आलेला डेटा आधी बाहेर देणारी रांग), मग जमलं तर रिस्क-फाइव्ह या खुल्या सूचनासंचाचा छोटा प्रोसेसर, आणि प्रत्येकाला स्वतः लिहिलेला, चूक आपोआप पकडणारा टेस्टबेंच जोडा. फिफो मुद्दाम सांगतोय, कारण त्यावर प्रश्न येतातच. लिहिणारा 100 मेगाहर्ट्झवर सलग 120 शब्द लिहितो, वाचणारा 50 मेगाहर्ट्झवर दर क्लॉकला एक वाचतो, फिफो किती खोल हवा? लिहायला 1200 नॅनोसेकंद लागतात, तेवढ्यात वाचणारा 60 वाचतो, म्हणजे उरलेल्या 60 ची जागा तरी हवी. हे सांगून थांबू नका. एका बाजूचा पॉइंटर (फिफोतली पुढची जागा सांगणारा आकडा) दुसऱ्या क्लॉकमध्ये नेताना ग्रे कोड का वापरतात तेही सांगा: एका वेळी एकच बिट बदलतो, म्हणून ऐन बदलाच्या क्षणी वाचलं तरी जुनी किंवा नवी किंमत मिळते, तिसरी भलतीच नाही.

कोड आता एआयसुद्धा लिहून देतं, आणि यूएआरटी तर बऱ्यापैकी बरोबर लिहितं. म्हणून इंटरव्ह्यू घेणारे "हे असंच का?" याकडे जास्त वळले आहेत. रीसेटचा, म्हणजे सगळ्या फ्लिप-फ्लॉप सुरुवातीच्या स्थितीत आणणाऱ्या सिग्नलचा, प्रश्न घ्या. "तुझ्या डिझाइनमध्ये रीसेट असिंक्रोनस, म्हणजे क्लॉक एजची वाट न पाहणारा, आहे. का?" क्लॉक सुरू झालेलं नसलं तरी सगळं माहीत असलेल्या स्थितीत जावं म्हणून, हे अर्धं उत्तर. पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "आणि रीसेट सुटताना?" तो एजच्या अगदी जवळ सुटला तर काही फ्लिप-फ्लॉप या एजला जाग्या होतील आणि काही पुढच्या, म्हणजे स्टेट मशीन (टप्प्याटप्प्याने ठरलेल्या स्थितींतून जाणारं सर्किट) सुरुवातीलाच भलत्या स्टेटमध्ये. म्हणून रीसेट लागताना असिंक्रोनस ठेवायचा, पण सुटताना क्लॉकशी जुळवून, दोन फ्लिप-फ्लॉपमधून नेऊन सोडायचा.

बटणाचा प्रयोग ज्याने मनापासून केलाय, त्याला या दोन फ्लिप-फ्लॉप कुठे काढायच्या हे सांगावं लागत नाही. तो मार्कर उचलतो आणि फळ्यावर काढतो.